दातांच्या दवाखान्यातलं प्रवाळ

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे माझी उजवीकडची खालची दाढ किडली, आणि तिच्या कृपेने समुद्रापासून इतक्या लांब, नाशिकमध्ये, मला जिवंत प्रवाळ भेटलं.

मी इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. लग्नाआधी कोकणात, समुद्रकाठच्या एका प्रयोगशाळेत, मी प्रवाळांना त्रास देण्याचं काम केलं होतं. शास्त्रात त्याला त्रास म्हणत नाहीत, ताण म्हणतात. काचेच्या टाकीतलं पाणी रोजच्यापेक्षा एक-दोन अंशांनी तापवायचं, वर दिवे वाढवायचे, कधी खारेपणा कमी-जास्त करायचा आणि ते जीव काय करतात ते बघत बसायचं. ते फारसं काही करत नाहीत. पळता येत नाही, ओरडता येत नाही. आधी अंगावर बुळबुळीत चिकटा सोडतात, मग बारीक स्पर्शिका आत ओढून घेतात आणि मग हळूहळू पांढरे पडतात. त्या पांढरेपणावर मला एम.फिल. मिळाली. पुढे लग्न होऊन नाशिकला आले आणि झुरळ आणि गांडूळ यांच्यावर पोट भरायला लागले.

नाशिकमध्ये माझ्या त्या शिक्षणाचा उपयोग एकच होता. ‘प्रवाळ’ हा शब्द ऐकला की लोक बोटातली अंगठी काढून पुढे करायचे. शेजारच्या काकूंनी मुलाच्या मंगळासाठी त्र्यंबकहून पोवळं आणलं होतं, ते खरं की काचेचं हे मी सांगावं, अशी त्यांची अपेक्षा होती. मी म्हटलं, “काकू, हे पोवळं खोल, थंड पाण्यातलं. माझं काम त्याच्या लांबच्या चुलत भावंडांवर.” काकूंनी पोवळ्याची अंगठी परत डबीत ठेवली. “म्हणजे तुला मंगळातलं काही कळत नाही,” त्या म्हणाल्या. ते खरं होतं.

दाढ घेऊन मी ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांचा दवाखाना गंगापूर रोडवर, एका नव्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होता. डॉक्टर माझ्याच वयाचे, हाताने हलके आणि बोलण्याची हौस असलेले. परदेशात कुठल्याशा परिषदेला गेले असताना त्यांनी एका दवाखान्यात समुद्राच्या पाण्याची टाकी पाहिली होती. रंगीत मासे, रंगीत प्रवाळ आणि समोर दातदुखी विसरून बसलेले पेशंट. परत आल्यावर त्यांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून तशीच टाकी मागवली. मासे रंगीत आले. प्रवाळ तपकिरी आले.

मी काय शिकवते हे कळल्यावर त्यांनी दाढेआधी तोच विषय काढला.

“मॅडम, मला फसवलं हो. रंगीत म्हणून सांगितलं आणि शेणाच्या गोवऱ्या पाठवल्या.”

“डॉक्टर, तब्येत उत्तम आहे त्यांची,” मी म्हटलं.

“मी दिसण्याचं बोलतोय.”

खुर्चीत बसायला जाण्याआधी मी टाकीसमोर बराच वेळ उभी राहिले होते. चार वसाहती होत्या. एक मेंदूसारखी वळ्यावळ्यांची, दोन फांद्यांच्या, एक गोल उशीसारखी. सगळ्या मातकट तपकिरी. पण जवळून पाहिलं तर उशीवरच्या प्रत्येक खळग्यातून इवल्या स्पर्शिका बाहेर आल्या होत्या आणि पाण्याबरोबर हलत होत्या. सासरच्या गावात अचानक माहेरचं माणूस दिसावं तसं मला झालं.

काउंटरवर एक बाई बसायच्या. मखमलाबादच्या, घरची गुलाबाची शेती. सकाळी फुलं बाजारात पोचवून मग दवाखान्यात यायच्या. टाकी आल्यापासून पाणी भरणं आणि काच पुसणं त्यांच्या गळ्यात पडलं होतं. त्यांनी मला हळूच विचारलं, “मॅडम, मासे पाळतात ते कळतं. पण हे दगड कशापायी पाळायचे?”

“ते दगड नाहीत, प्राणी आहेत. हजारो. एकमेकांना चिकटून राहतात.”

त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. दाढ फारच दुखत असावी, असं त्यांना वाटलं असणार.

दाढेचं तेव्हा भरून भागलं. पण भरलेलं काही टिकलं नाही आणि एप्रिलमध्ये रूट कॅनालसाठी मला पुन्हा जावं लागलं.

नाशिककरांना आपल्या हवेचा अभिमान फार. आपल्याकडे कसला आलाय उन्हाळा, असं घाम पुसत म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या वर्षीचा एप्रिल तापला होता आणि दुपारची वीज जात होती. वीज गेली की टाकीचा पंप बंद, हॉलचे पंखे बंद आणि पश्चिमेच्या मोठ्या काचेतून ऊन थेट टाकीवर. डॉक्टरांनी टाकी मुद्दाम तिथे ठेवली होती, रस्त्यावरून दिसावी म्हणून.

मी गेले तेव्हा हॉलमध्ये टाकीभोवती घोळका होता. चारही वसाहती पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. निळ्या पाण्यात, निळ्या-पिवळ्या माशांच्या मध्ये, खरोखर सुंदर दिसत होत्या. त्र्यंबकहून आलेले एक गुरुजी सुजलेली हिरडी हाताने दाबून धरत म्हणाले, “शंखासारखं शुभ्र.” एक आजोबा काउंटरवरच्या बाईंना म्हणाले, “आता कशी टाकी स्वच्छ झाली.” बाईंनी नम्रपणे मान खाली घातली.

मी काही बोलणार तेवढ्यात मला आत बोलावलं. खुर्ची मागे झुकली, इंजेक्शन दिलं गेलं, तोंडात कापूस आला आणि मग डॉक्टरांनी विचारलं, “मॅडम, टाकी बघितलीत का?”

“आं,” मी म्हटलं.

“एकदम फॉरेनसारखी झाली. व्यापाऱ्याला मी उगाच शिव्या दिल्या. त्यांना आपलं पाणी मानवायला वेळ लागतो बहुतेक.”

“आं, आं,” मी हात वर केला.

“दुखतंय? थोडं अजून इंजेक्शन देतो.”

दिलं. त्या अर्ध्या तासात त्यांनी मला पुढचे सगळे बेत सांगितले. टाकीमागे निळा पडदा, वर अजून दोन दिवे. ज्या विषयात मला पदवी होती, त्या विषयावर नाशिकमध्ये पहिल्यांदाच कोणी माझ्याशी इतका वेळ बोलत होतं, आणि मला तोंड मिटता येत नव्हतं.

खुर्ची वर आल्यावर मी बधिर ओठांनी म्हटलं, “डॉक्टर, त्यातलं शेवाळ गेलंय.” माझ्या तोंडून ‘शेवाव गेवंय’ असं काहीतरी आलं असावं.

“गेलं ना? बाईंनी मेहनत घेतली,” ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

मी हॉलमध्ये बसून राहिले. ओठ आपले वाटायला लागेपर्यंत शेवटचा पेशंटही गेला होता. डॉक्टर बाहेर आले, मला पाहून म्हणाले, “अजून दुखतंय का?”

“मला नाही. त्यांना काहीतरी झालंय,” मी टाकीकडे बोट केलं आणि मग एकदाचं सगळं सांगितलं. प्रवाळाच्या मऊ अंगात, पेशींच्या आत, सूक्ष्म शेवाळ राहतं. तो तपकिरी रंग त्याचा. ते उजेडात साखर बनवतं आणि त्यातली बरीचशी भाड्यासारखी घरमालकाला देतं. प्रवाळ मुख्यतः त्यावरच जगतं. पाणी फार तापलं आणि वरून ऊन प्रखर असलं की शेवाळाचं हे काम बिघडतं. साखरेबरोबर पेशी जाळणारा ऑक्सिजन तयार व्हायला लागतो, आणि प्रवाळ नाइलाजाने भाडेकरूला बाहेर काढतं. तेवढ्यापुरता जीव वाचतो, पण रोजचा डबा बंद होतो. अंग काचेसारखं होतं आणि त्यातून आतला चुन्याचा सांगाडा दिसायला लागतो.

“तुम्ही सगळे कौतुक करताय तो सांगाडा आहे,” मी म्हटलं.

“म्हणजे मेलं?”

“नाही. उपाशी आहे.”

“याला काही नाव?”

“ब्लीचिंग.”

डॉक्टर हसले. खालच्या पाटीवर त्यांच्या नावाखाली, इथे दातांचे ब्लीचिंग केले जाईल, असं ठळक लिहिलेलं होतं. मग ते गंभीर झाले. “आणि वाचलं तर परत तपकिरी होणार?”

“वाचलं तर तपकिरीच.”

त्यांनी बराच विचार केला. “पांढरं ठेवून जगवता नाही येणार?”

“काही आठवडे. मग मरेल, आणि वर दुसरं शेवाळ चढून हिरवं होईल.”

“हिरवं?” त्यांच्या आवाजात किंचित आशा होती.

“गटारासारखं हिरवं.”

काउंटरवरच्या बाई इतका वेळ पावत्या लावण्यात गुंतल्यासारखं दाखवत होत्या. डॉक्टर त्यांच्याकडे वळले. गेल्याच आठवड्यात त्यांनी पेशंटांसमोर बाईंची तारीफ केली होती आणि शनिवारी त्यांना लवकर घरी सोडलं होतं. “बाई, तुम्ही ते घासलं नव्हतंत?”

“मी हात पण लावला नाय. आपोआप झालं.”

“मग सांगायचं नाही का?”

“तुम्ही विचारलं नाय. छान झालं म्हणाले, मी ऐकून घेतलं.”

त्या दिवसापासून बाई माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागल्या. मी त्यांचं श्रेय काढून घेतलं होतं आणि वर कामही वाढवलं होतं. काचेला जाड पडदा लागला. दिवे निम्मे झाले. टाकीच्या तोंडावर एक टेबल फॅन बसवला, कारण आपल्या कोरड्या हवेत पाण्यावरून वारा सोडला की ते माठासारखं गार होतं. खालच्या ज्यूसवाल्याकडच्या फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून त्या एकेक करून टाकीत सोडायच्या. एकदम सगळ्या नाहीत, कारण अचानक गार पाणी हाही ताणच. आणि वाऱ्याने उडून जाणारं पाणी भरताना गोडंच भरायचं, कारण उडतं ते पाणी, मीठ तिथेच राहतं. बाई आधी दर वेळी मिठाचं पाणी भरत होत्या, म्हणजे टाकी दिवसेंदिवस जास्त खारट होत होती.

“समुद्राचं हाय म्हणून मीठ टाकलं,” त्या म्हणाल्या. “लोणच्यात पण टाकतोच की.”

राहिलं जेवण. घरचा डबा बंद झालेल्या प्रवाळाला बाहेरचं खाणं देता येतं. त्याच्या स्पर्शिका बारीक भक्ष्य पकडू शकतात. मी म्हटलं, मासळीबाजारातली कोळंबी बारीक वाटून द्या. बाईंनी गळ्यातली तुळशीची माळ बाहेर काढून दाखवली. “मी माळकरी हाय. हात लावणार नाय.” मग ते काम डॉक्टरांकडे आलं. संध्याकाळी पेशंट संपले की ते बाह्या वर करून, सुई काढलेल्या सिरिंजमध्ये कोळंबीचं पाणी भरून, एकेका खळग्यावर थेंब सोडत बसायचे. सवयीने तोंडातून निघायचं, “आं करा.”

खरी पंचाईत विजेची होती. दवाखान्यातल्या इन्व्हर्टरवर आतली खुर्ची चालायची आणि बाहेर एकच पंखा. डॉक्टरांनी तो पंखा टाकीला दिला. मनमाडहून सकाळच्या गाडीने आलेले एक रेल्वेचे गृहस्थ भर दुपारी रुमालाने वारा घेत बसले होते. त्यांनी टाकीवरच्या पंख्याकडे पाहिलं, मग छतावरच्या बंद पंख्याकडे.

“डॉक्टर, दगडाला हवा आणि आम्हाला घाम?”

“ते सीरियस आहे,” डॉक्टर म्हणाले. “तुमची फक्त दाढ आहे.”

फांद्यांच्या दोनमधली एक वसाहत गेली. तिच्यावरचं अंग शेंबडासारखं सुटून आलं आणि काही दिवसांत तिच्यावर हिरवा थर चढला. दुसरी फांदी अर्धी गेली. मी डॉक्टरांना सांगितलं की फांद्यांची प्रवाळं मुळातच नाजूक, उशी आणि मेंदू जाड अंगाचे, ते तग धरतील. सांगितलं खरं, पण मलाही खात्री नव्हती. प्रयोगशाळेत आम्ही त्यांना पांढरं करायला शिकलो होतो. परत तपकिरी करायची वेळ कधी आली नव्हती, त्याआधीच मोजमाप पूर्ण व्हायचं.

जूनच्या शेवटी हवा गार झाली. एका संध्याकाळी घरी फोन आला. डॉक्टरांचा आवाज आनंदाने चढलेला होता.

“मॅडम, मळायला लागलंय.”

मी रिक्षा करून गेले. उशीच्या सावलीच्या बाजूला चहा सांडून पुसल्यासारखा फिकट डाग होता. आम्ही तिघं खाली वाकून त्या डागाकडे बघत राहिलो. बाईंनीच पहिल्यांदा म्हटलं, “त्या बाजूला पण हाय थोडं.” दिवाळीपर्यंत उशी आणि मेंदू पूर्ववत शेणकट झाले आणि फांदीचा उरलेला तुकडाही.

पेशंटांना ते मुळीच आवडलं नाही. इतकी सुंदर टाकी होती, दुर्लक्षाने घाण झाली, असं सगळ्यांचं मत पडलं. “बाई, टाकी कधी धुणार?” असं कोणी ना कोणी विचारायचंच. पूर्वी बाई अशा वेळी ओशाळायच्या. आता त्या मान वर न करता सांगायच्या, “धुतलेलीच हाय. पोट भरलं का त्याचा रंग असा होतो. पांढरं पडलं का समजायचं, उपाशी हाय.” माझी दाढ मात्र त्या सगळ्या धांदलीत कशी भरली गेली ते डॉक्टरांनाही आठवत नव्हतं, आणि ती पुढे वारंवार दुखत राहिली. त्यामुळे माझं जाणं-येणं टिकलं.

मग नवं शतक आलं आणि थोड्याच काळात कायदा बदलला. प्रवाळ वाघ-बिबट्याच्या पंगतीत जाऊन बसलं. डॉक्टरांना हे कोणा पेशंटकडून कळलं. त्यांनी मला फोन करून दबक्या आवाजात विचारलं, “म्हणजे माझ्या वेटिंग हॉलमध्ये वाघ आहे?”

“कायद्याने, हो. तीन.”

प्रामाणिक माणूस. स्वतःहून वनखात्यात जाऊन आले. एक साहेब पाहायला आले. नाशिकच्या उसात बिबटे निघतात, त्यांच्याशी त्या साहेबांची रोजची ओळख होती. टाकीपुढे मात्र ते बराच वेळ नुसते उभे राहिले.

“हे झाड आहे की प्राणी?”

“प्राणी,” मी म्हटलं.

“हलतो का?”

“जागचा नाही.”

“मग पकडण्याचा प्रश्न नाही,” ते म्हणाले आणि त्यांना जरा हलकं वाटलं. ते परत समुद्रात सोडावं का, यावर थोडी चर्चा झाली. इतकी वर्षं टाकीत वाढलेला जीव तसा सोडणं बरं नाही, असं मी सांगितलं. शेवटी आहे ते नीट सांभाळा, नवीन आणू नका, असं सांगून ते गेले. जाताना दात तपासून घ्यायला विसरले नाहीत.

डॉक्टरांनी मग जनरेटर घेतला. घरी सांगितलं की खुर्चीसाठी. दर मार्चमध्ये पडदा लागायचा, बाटल्या गोठायच्या. टाकीवरचा पंखा तर बारा महिने चालायचा. तो कधी बंद करायचा नाही, असा दवाखान्याचा नियमच झाला. किती उन्हाळे त्यांनी असे काढले. मला तर वाटायला लागलं होतं की ते आता आम्हा तिघांनाही पुरून उरणार.

एका जानेवारीत थंडीची लाट आली. निफाडकडे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवाव्या लागल्या. डॉक्टर सहकुटुंब गोव्याला परिषदेला गेले होते आणि दवाखाना तीन-चार दिवस बंद होता. निघताना बाईंनी नेहमीसारखी सगळी बटणं बंद केली, दिवे, गिझर, टाकीतला लहानसा हीटरसुद्धा. पंप आणि पंखा तेवढा चालू ठेवला, कारण ते प्रवाळासाठी होते.

दवाखाना उघडायच्या सकाळी मला त्यांचा फोन आला. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःहून केलेला तो पहिलाच फोन.

“मॅडम, पांढरं झालंय. सगळं. तुम्ही या.”

मी पोचले तेव्हा त्यांनी पंखा काढून टाकला होता आणि टाकीच्या काचेभोवती स्वतःची शाल गुंडाळली होती. पाण्यात हात घातला तर नळाच्या पाण्याइतकं गार. मासे तळाशी निपचित पडलेले. उशीवर जाड चिकटा आला होता.

“पण ऊन कुठं होतं?” बाई म्हणाल्या. “गारठा होता की.”

“थंडीनेही होतं. त्याला सवयीच्या पाण्याइतकंच पाणी लागतं. वर नाही, खाली नाही.”

“हे कधी बोलले नाय तुम्ही.”

आम्ही हीटर लावला, कोमट पाण्याच्या बाटल्या सोडल्या, थोड्या थोड्या वेळाने एकेक. दिवे मंद ठेवले. डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते थेट टाकीपुढे, हातात बॅग तशीच. बाई उभ्या राहिल्या.

“पंखा बंद करायचा नाय म्हणले होते ना,” त्या म्हणाल्या.

“मीच म्हणालो होतो,” डॉक्टर म्हणाले. “बसा तुम्ही.”

आठवडाभर ते सिरिंजमधून थेंब सोडत राहिले. स्पर्शिका बाहेर आल्याच नाहीत. आधी फांदी गेली, मग मेंदू, आणि उशी सगळ्यात शेवटी. त्या काळात हॉलमध्ये येणारे लोक टाकीची फार स्तुती करत होते. बाई कोणाशीच बोलल्या नाहीत.

कायदा कडक असल्यामुळे मेलेल्या प्रवाळाचं काय करायचं हे परस्पर ठरवता येत नव्हतं. डॉक्टरांनी वनखात्यात फोन केला. आधीच्या साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांनी काय मेलं म्हणून दोनदा विचारलं, नर की मादी तेही विचारलं, आणि मग म्हणाले, “जपून ठेवा, आमचा माणूस येईल.”

बाईंनी तिन्ही सांगाडे स्वच्छ धुतले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि आतल्या कपाटात, पेशंटांच्या जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे ठेवतात त्या फळीवर, एका कडेला ठेवले. टाकी त्यांनी नंतर घरी नेली आणि तिच्यात गुलाबाची रोपं लावली. वनखात्याचा माणूस अजून आलेला नाही. मी सहा महिन्यांनी दात साफ करायला जाते तेव्हा डॉक्टर न विचारता कपाट उघडून दाखवतात, आहे म्हणून.